आहेर, वाण, पोस्त, बारसं: द्यायचं कसं, डोक्याला ताप न करता

दादरपश्चिम
गणपती गेले की दिवाळी, दिवाळी सरते तोवर तुळशीचं लग्न आणि लगीनसराई, मग संक्रांतीचं हळदीकुंकू. खरा ताप होतो तो आदल्या संध्याकाळी रानडे रोडच्या गर्दीत उभं राहून ठरवावं लागतं तेव्हा. म्हणून हा धागा. "भावना महत्त्वाची" छाप प्रतिसाद नकोत. वस्तू, मापं, कुठे फसगत होते, एवढंच लिहा. आत्याबाईंच्या लग्नातले किस्से तर अजिबात नकोत.

सुरुवात मी करते. एक साधी वही घ्या. नाव, प्रसंग आणि तारीख, जास्तीत जास्त रक्कम, मागच्या वेळी काय दिलं, असे चार रकाने. पाचवा रकाना "कानावर आलेलं": कुणी बोलता बोलता म्हणालं की मिक्सरचं लहान भांडं गेलं, चष्मा लावूनही पंचांग वाचता येत नाही, की लगेच तिथे टिपायचं. वर्षभरात सर्वांत उपयोगी पडतो तो हाच रकाना.

सगळ्या रकमांची बेरीज करा आणि तिच्यात पाचवा हिस्सा आणखी धरा, कारण लग्नं आधी कळतात पण बारसं आणि वास्तुशांत कळवून येत नाहीत. २०,००० आली तर २४,००० धरा, म्हणजे महिना २,०००. पगार झाला की तेवढे बाजूला. जास्तीची रक्कम न धरल्यामुळेच मार्चमध्ये वही बंद पडते.

घरात साठा करायचा तो फक्त पाकिटं, एक रुपयाची नाणी, टेप, कागदाचे ताव आणि दोन-चार ब्लाउजपीस एवढ्याचाच. सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून सहा बाऊल सेट आणून ठेवू नका. मग वस्तूला माणूस शोधत बसावं लागतं.

सातरस्ता
सरळ विचारा, हे माझं ठाम मत. पण "काय हवंय?" असं विचारलं की उत्तर "काही नको, तुम्ही या म्हणजे झालं" हेच येणार. दोन-तीन पर्याय द्या आणि रक्कम सांगू नका. उदाहरणार्थ: "नव्या घरी कुकर, इस्त्री की भिंतीवरचं कपडे वाळत घालायचं स्टँड? आम्ही यातलं एक आणतोय, इतर कुणाचं ठरलं असेल तर सांगा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्यामुळे समोरच्याला संकोच न करता नकार देता येतो.

वास्तुशांतीला न विचारता नेऊ नयेत अशा गोष्टी: भिंतीवरचं घड्याळ, गणपतीची मूर्ती, चहाचे कप. तीन-चार हमखास येतात. चारशे चौरस फुटांच्या घरात चौथा गणपती ठेवायचा कुठे, आणि बाहेर द्यायलाही कुणाचं मन होत नाही.

पाऊसपाणी
विचारलं की मजा गेली. माणूस ओळखून द्यावं.

सातरस्ता
ओळखत असाल तर जरूर द्या. धागा ओळखत नसलेल्यांसाठीही आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या बहिणीचं लग्न असतं, तिथे काय ओळखणार?

कापडचोपड
तिथे पाकीट. आणि पाकिटाचंही एक तंत्र आहे.

नाव पाकिटावर लिहिता तसंच आत एका चिठ्ठीवरही लिहा, सोबत उपनगर. यादी करताना पाकिटं फाडली जातात, बाहेरचा कागद केरात जातो, आणि "कुलकर्णी" तर पाच निघतात. "कुलकर्णी, मुलुंड, वधूच्या ऑफिसचे" एवढं पुरे. पाकीट डिंकाने चिकटवू नका. हॉलमधल्या दमट हवेत डिंक ओला राहतो आणि नोट चिकटते. टेपचा लहान तुकडा लावा, नोटांना स्टेपलर नको. नाणं सुटं टाकलं की पाकिटाचा कोपरा फाटून पडतं, तेव्हा नाणं चिकटवलेलीच पाकिटं घ्या. अब्दुल रहमान स्ट्रीटला ती गठ्ठ्याने मिळतात.

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असेल तर खरोखरच नेऊ नका. स्टेजवर बळेच पाकीट हातात दिलं की ते ठेवायला जागा नसते, फोटो थांबतो, मागची रांग खोळंबते. द्यायचंच असेल तर नंतर घरी जाऊन एखादं पुस्तक द्या.

कराचंही एकदा सांगून टाकतो. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींवर आयकर नाही. इतर प्रसंगी नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेलं, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते. मित्र कितीही जवळचा असला तरी कायद्याच्या व्याख्येत तो नातेवाईक नाही.

नवी_मुलुंडकर
गिफ्ट कार्ड चालेल का? तरुण मंडळींना तेच बरं वाटतं.

कापडचोपड
चालेल, पण दोन प्रकार वेगळे ओळखा. बँकेचं किंवा वॉलेट कंपनीचं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमात येतं: कमाल १०,००० रुपये, पुन्हा पैसे भरता येत नाहीत, मुदत किमान एक वर्ष. दुकानाचं स्वतःचं कूपन या नियमात बसत नाही. त्याची मुदत तीन महिनेही असू शकते आणि पाठीमागे बारीक अक्षरांत "सेलमध्ये चालणार नाही" असतं. तो मजकूर वाचूनच घ्या. कार्ड देताना मुदतीची तारीख पाकिटावर ठळक लिहा, नाहीतर ते कपाटात पडून राहतं आणि तुमचे पैसे दुकानदाराच्या घशात जातात.

तांबाकाटा
धातूच्या वस्तूंबद्दल मी लिहितो, फसगत सर्वांत जास्त तिथेच आहे.

चांदी. बारशाला वाटी-चमचा घेताना ९२५ चा शिक्का बघा. ९९९ शुद्ध चांदी नाण्याला ठीक, वाटीला मऊ पडते, दाबली की चेपते. वाटीची कड आत किंवा बाहेर वळवलेली हवी. नुसती कापलेली कड बाळाच्या ओठाला लागते. पावतीवर वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. "जर्मन सिल्व्हर" मध्ये चांदीचा कणही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. हळदीकुंकवाच्या करंड्याला ठीक, खायच्या भांड्याला नको.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. म्हणून डबीवर रबरबँड लावू नका, रबरात गंधक असतं आणि त्या जागी काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्रातही गुंडाळू नका. मलमलचा तुकडा आणि घट्ट बंद होणारी पिशवी, बस्स.

सोनं. हॉलमार्कमध्ये बीआयएसचं चिन्ह आणि शुद्धता यांसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. तो बीआयएस केअर ॲपवर दुकानातच तपासा. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. बाळाचं कानातलं, लहानशी अंगठी बहुधा त्याच वजनात बसते, तेव्हा तिथे पावतीवर कॅरेट लिहून घेणं हाच आधार. लहान वस्तूत घडणावळीचा वाटा मोठा असतो, मोडायला गेल्यावर तो परत येत नाही. म्हणून "गुंतवणूक होईल" या विचाराने लहान दागिना देऊ नये. हौस म्हणून द्या.

तांबं-पितळ. पायधुनीजवळच्या तांबा काटा बाजारात वजनावर मिळतं, त्यामुळे पत्रा पातळ की जाड हे भावातच कळतं. तांब्याच्या बाटलीवर लाखेसारखा चकचकीत लेप असेल तर ती शोभेची, पाणी पिण्यासाठी लेप नसलेली मागा. सोबत चिठ्ठी टाका: ताक, सरबत, काहीही आंबट यात ठेवू नये. पितळेचं स्वयंपाकाचं भांडं देऊ नका, कारण त्याला कल्हई लागते आणि उपनगरात कल्हईवाला शोधणं म्हणजे नवं काम. पितळेत समई किंवा निरांजन द्यावं. समईचे भाग दुकानातच सोडून पुन्हा जोडा, आटे तिरके असतील तर दांडा कलतो. बैठक रुंद आणि जड हवी. उंच, बारीक बैठकीची समई दिसायला ऐटदार, पण लहान खोलीत कुणाच्या तरी ओढणीला लागून आडवी होते.

चष्मेवाली
बारशाच्या कपड्यांचंही लिहा कुणीतरी. सगळे ०-३ महिन्यांचेच कपडे आणतात.

कापडचोपड
कारण दुकानात तेच समोर मांडलेले असतात! बारशाला जाताना ६-१२ महिन्यांचं माप घ्या, आणि त्या महिन्यांत मुंबईत कोणता ऋतू असेल ते बोटांवर मोजा. नोव्हेंबरात जन्मलेलं बाळ मेमध्ये सहा महिन्यांचं होतं, त्याला बिनबाह्यांचं सुती झबलं हवं. लोकरी मोज्यांची मुंबईत गरजच नाही. डोक्यातून घालायच्या कपड्याला खांद्यावर बटण किंवा मोकळा गळा हवा. टिकल्या, मणी, शोभेची बटणं नकोत. सुटली की तोंडात जातात. मनगट्या दिल्या तर दोरा मधून मधून ओढून बघायला सांगा, कारण तेच. हमखास वापरलं जातं ते मलमलचं दुपटं, ९० × ९० सेंमी, निदान तीन.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बघा. जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. क्रॉफर्ड मार्केटबाहेरच्या सुट्या खेळण्यांवर ते शोधूनही सापडेलच असं नाही. बटण सेल असलेल्या खेळण्याला सेलचं झाकण स्क्रूचं हवं, नुसतं सरकवायचं नको.

नवी_मुलुंडकर
माझा प्रश्न: हळदीकुंकवाला ४० जणी, एका वाणाला ६० रुपये. प्लास्टिकचे डबे नको आहेत. काय घेऊ?

दादरपश्चिम
घाऊक बाजार डझनावर चालतो, म्हणून ४० नाही, ४८ घ्या. ६० गुणिले ४८ म्हणजे २,८८० रुपये. वरच्या आठांतले चार-पाच अवचित आलेल्यांना लागतात, एखाददुसरा सदोष निघतो.

वस्तू ठरवण्याआधी वजन करा, हे कुणी सांगत नाही. ४८ काचेचे बाऊल, प्रत्येकी २५० ग्रॅम, म्हणजे १२ किलो. मशीद बंदरहून मुलुंडला गर्दीच्या लोकलमध्ये १२ किलो काच आणायची? स्टीलच्या वाट्या १२० ग्रॅमच्या धरल्या तर पावणेसहा किलोच्या आसपास. सुती पिशव्या ६० ग्रॅमच्या, म्हणजे तीन किलोही नाही.

या पैशांत बसणाऱ्या आणि वापरल्या जाणाऱ्या वस्तू: चहाचं स्टीलचं गाळणं (जाळी दुहेरी हवी, दांडा रिव्हेट केलेला नको, वेल्ड केलेला हवा), भाजी फ्रिजमध्ये ठेवायच्या सुती जाळीच्या पिशव्या, फुलवातींचं पाकीट, किंवा सरळ पाव किलो चिक्कीचा गूळ. वापरून संपणारं वाण मला सगळ्यांत आवडतं. वस्तूवर आपलं नाव छापून घेऊ नका. पिशवीवर "अमुक परिवारातर्फे" असलं की ती बाजारात न्यायला कुणी काढत नाही.

माल डिसेंबरच्या मध्यात घ्या. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भुलेश्वरला पाय ठेवायला जागा नसते. रविवारी जाऊ नका, तो सगळा घाऊक भाग बहुतेक बंद असतो. दुकानातच एक डझन पूर्ण उघडून कडा आणि झाकणं बघा, वरची वस्तू नेहमीच चांगली असते.

आणि वाण येईल त्या प्रत्येक बाईला द्या. सवाष्ण आहे का हे बघत बसायचे दिवस गेले.

पाऊसपाणी
शेवटच्या ओळीला अनुमोदन.

घरघर
दिवाळीची पोस्त हा विषय राहिलाच, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच असतो.

घरकामाच्या ताईंना वर्ष झालं असेल तर एक महिन्याचा पूर्ण पगार. कमी महिने झाले असतील तर त्या हिशेबाने: पगार ३,००० आणि आठ महिने झाले, तर ३,००० चे आठ-बारांश म्हणजे २,०००. त्या चार घरी काम करत असतील तर प्रत्येक घराने आपापली द्यायची, "त्यांना तिकडे मिळते" हा मुद्दा होत नाही. वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी द्या, म्हणजे मुलांचे कपडे गर्दीआधी घेता येतात आणि गावची गाडी पकडता येते. भाऊबीजेला दिलेली पोस्त उपयोगाची नाही. मिठाईचा पुडा वर द्या, पैशांऐवजी नको. वापरलेली साडी पोस्त म्हणून देणं तर फारच वाईट. दिलेली रक्कम पुढे उचल म्हणून कापायची नाही, हे देतानाच स्पष्ट सांगा.

वॉचमन, लिफ्टमन, सफाई कामगार यांच्यासाठी सोसायटी वर्गणी काढते का ते आधी सेक्रेटरींना विचारा. काढत असेल तर घरटी रक्कम तिथे भरा आणि वाटप नावानिशी झालं का तेही बघा. रात्रपाळीचा वॉचमन आणि कचरा उचलणारे यांची नावं यादीतून हमखास सुटतात.

सातरस्ता
वर्गणीचं निघालंच आहे तर ऑफिसातल्या सामाईक भेटीबद्दल. एकच माणूस पैसे धरेल. आधी रक्कम ठरवा, वस्तू नंतर. उलटं केलं की वस्तू महागडी ठरते आणि मग वसुली सुरू होते. ग्रुपवर "ज्याला जमेल त्याने २०० ते ५००, गुरुवारपर्यंत यूपीआयने" असं लिहा. कुणी किती दिले ते ग्रुपवर टाकू नका, कार्डावर सगळ्यांची नावं सारख्या अक्षरांत. गुरुवारनंतर आठवण एकदाच. उरलेले पैसे पाकिटात घालून भेटीसोबतच द्या, परतफेडीचा घोळ घालू नका.

चष्मेवाली
आता वेष्टण. कागद किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. खोक्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करून दुप्पट करा आणि ४ सेंमी मिळवा, ही एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे लांबी अधिक उंचीची दीडपट. ३० × २० × ८ सेंमीचा खोका असेल तर एक बाजू ५६ + ४ म्हणजे ६०, दुसरी ३० + १२ म्हणजे ४२. साधारण ५० × ७० च्या तावात आरामात बसतो. टोकाला कागद जास्त ठेवला की घड्या फुगतात आणि टेप सुटते, सगळ्या चुरगळलेल्या भेटींचं कारण हेच.

जून ते सप्टेंबर कागद नकोच. प्लॅटफॉर्मवरून रिक्षापर्यंत जाईस्तोवर त्याचा लगदा होतो. ब्लाउजपीसचा ७५ सेंमीचा चौकोन घ्या, खोका तिरका ठेवा, समोरासमोरची टोकं बांधा. खोक्याची लांबी कापडाच्या कर्णाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असावी, म्हणजे इथे ३५ सेंमीपर्यंत. खण वापरलात तर वेष्टण हीच दुसरी भेट. रिबिनीचं फूल पोचल्यावर लावा, लोकलमध्ये ते चपटं होतं. किमतीचं लेबल निघत नसेल तर हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करा, राहिलेला चिकटा खोबरेल तेलाने जातो.

घरघर
फराळाचा डबा देताना: सगळं पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट चकली डब्यात गेली की वाफ धरते आणि मऊ पडते. चकली आणि लाडू एकाच पिशवीत कधीच नको, लाडवाचा ओलावा चकलीत जातो. प्रत्येक पदार्थ वेगळ्या पिशवीत, आणि मधल्या फटींत चिवड्याच्या लहान पिशव्या खुपसा, गादीचं काम होतं. सुक्या खोबऱ्याची करंजी दहा-बारा दिवस टिकते, ओल्या नारळाची दोन दिवसांत संपवावी लागते, तसं डब्यावर लिहा.

विकतची मिठाई घेताना काट्यावर खोका आधी ठेवून शून्य करायला लावा, खोक्याचं वजन मिठाईच्या भावाने लावणं बेकायदा आहे. सुट्या मिठाईच्या ट्रेवर "कधीपर्यंत खावी" ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, ती वाचा. सुक्या मेव्याच्या नक्षीदार खोक्याला दुहेरी तळ असतो; निव्वळ वजन छापलेलं असतं, त्यावरूनच तुलना करा. साधारण काजू मोकळे घेऊन बरणीत भरले तर त्याच पैशांत बरेच जास्त येतात.

पाऊसपाणी
वयस्कर मंडळींना काय? साड्या-शर्ट कपाटात घडी न मोडता पडलेले असतात.

सातरस्ता
रात्री बाथरूमच्या वाटेवर लावायचा, चाहूल लागताच पेटणारा दिवा. तो घरी जाऊन स्वतः लावून द्या; खोक्यात दिला तर खोक्यातच राहतो. किंवा नाटक: शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे, जे घराजवळ असेल ते. तिकिटं दोन काढा, एकट्याला जायला कंटाळा येतो. बाल्कनी नको, कडेची खुर्ची घ्या, दुपारचा प्रयोग बघा, आणि जाण्या-येण्याची टॅक्सी भेटीतच धरा.

झाड द्यायचं असेल तर खिडकीत ऊन येतं का ते आधी विचारा. ऊन नसेल तर स्नेक प्लांट. पाण्यातला मनी प्लांट नको: पाणी दर आठवड्याला बदललं नाही तर डेंग्यूचे डास होतात, आणि महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की आधी तेच बघतात.

नवी_मुलुंडकर
आलेली भेट पुढे दिली तर?

तांबाकाटा
द्या की. फक्त कुणाकडून आली ते खोक्याच्या तळाशी पेन्सिलीने लिहून ठेवा आणि देताना खोडा. त्याच गोतावळ्यात परत जाऊ नये. आणि खोका उघडून बघा, आत जुनी चिठ्ठी असते.

कापडचोपड
दादरपश्चिम ताई, लवकर खरेदी करा म्हणालात, त्यात एक खाच आहे. बदलून घ्यायची मुदत बिलाच्या तारखेपासून धरतात, दिल्यापासून नाही. सप्टेंबरात घेतलेला कुर्ता भाऊबीजेला दिला तर माप चुकल्यावर दुकान हात वर करतं. म्हणून धातू, कागद, भांडी लवकर. कपडे आणि चपला शेवटच्या पंधरवड्यात. किंवा दुकानदाराकडून बिलाच्या मागे "अमुक तारखेपर्यंत बदलून मिळेल" असं लिहून शिक्का मारून घ्या. हिंदमाताच्या कापडबाजारात लहान दुकानदार ऐकतात, पण ते बिल देण्याआधी. पैसे दिल्यावर नाही.